गुलाल, खोबरं आणि पार्सल

पहाटे ४.३०

गजर व्हायच्या आधीच फोन वाजतो. तो उचलायचा नसतो, कारण तो मोटारीचा असतो. डोंगराखाली कुशिऱ्याच्या बाजूला आमचं उसाचं रान आहे. धाकटा भाऊ ते बघतो. विहिरीवरच्या पेटीत सिमकार्डवर चालणारा मोबाईल स्टार्टर बसवलाय. थ्री-फेज आली की तो आम्हा दोघांनाही कळवतो आणि भाऊ अंथरुणातूनच बटण दाबून मोटार चालू करतो. या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची आहे. स्टार्टर नव्हता तेव्हा अशा आठवड्यात हातात बॅटरी आणि काठी घेऊन बांधावरनं जायला लागायचं. पाचटात साप, आणि पन्हाळ्याच्या या पट्ट्यात गवे कधी रानात उतरतील याचा नेम नाही. भाऊ परत येईपर्यंत आईला झोप लागायची नाही. आता ती झोपते. घरातली स्मार्ट वस्तू म्हटलं की शहरात बोलणारा स्पीकर नाहीतर टीव्ही डोळ्यांपुढं येतो. आमच्या घराची पहिली स्मार्ट वस्तू विहिरीवर बसली, आणि तिच्याइतकी उपयोगी दुसरी अजून आलेली नाही.

तिची खरेदीही सांगण्यासारखी आहे. आधी शेजारच्या रानात पाहिली. मग भावानं यूट्यूबवर व्हिडिओ बघितले, ऑनलाइन दर काढले, कोणत्या कंपनीचा स्टार्टर पावसाळ्यात बिघडतो ते चार जणांना विचारलं. ऑनलाइन स्वस्त मिळत होता. तरी घेतला कोल्हापुरातल्या दुकानातून, कारण दुकानदारानं वायरमन पाठवून जोडून द्यायचं कबूल केलं होतं. या सगळ्यात उसाचा एक हंगाम गेला. तेवढा वेळ त्या वस्तूला द्यावा असंच वाटलं होतं.

सकाळी ६

आज आयतवार, म्हणजे जोतिबाचा वार. देवळाकडं जाणाऱ्या पायऱ्यांच्या वाटेवर आमचं दुकान आहे. गुलालाची पोती पुढं ओढायची, खोबऱ्याच्या वाट्या टोपलीत रचायच्या, नारळ, दवणा, बत्तासे, पेढे, उदबत्ती मांडायची. देव्हाऱ्यापुढं दिवा लावायचा आणि साउंडबॉक्स चालू करायचा. गावाचं कागदोपत्री नाव वाडी रत्नागिरी. कोल्हापूरपासून वीसेक किलोमीटरवरच्या या डोंगरावर साऱ्या महाराष्ट्रातून माणूस येतो. आत्ताचं देऊळ राणोजी शिंद्यांनी १७३० साली बांधलं असं सांगतात. तेव्हापासून या वाटेवर गुलाल विकणारा कुणी ना कुणी बसलेला असणारच. आमच्या घरात हा धंदा आजोबांपासून आहे.

गुलाल आणि फोन यांचं जमत नाही, हे इथं दुकान टाकल्याशिवाय कळायचं नाही. क्यूआरच्या कागदावर तासाभरात गुलाबी थर चढतो आणि कॅमेरा तो वाचत नाही. म्हणून कागद प्लॅस्टिकमध्ये घातलाय आणि शेजारी ओलं फडकं ठेवलंय. देवावर गुलाल-खोबरं उधळून परत आलेल्या माणसाचं बोट फोनला ओळखू येत नाही. तो बोट सदऱ्याला पुसतो, पुन्हा लावतो, शेवटी पिन टाकतो. साउंडबॉक्सच्या जाळीत गुलाल बसला की आवाज घोगरा होतो, मग जुन्या दातांच्या ब्रशनं जाळी झाडायची. माझ्या दिवसातली ही नवी कामं. दहा वर्षांपूर्वी यातलं एकही नव्हतं.

सकाळी ८ ते ११

गर्दीची वेळ. यूपीआय आलं २०१६ साली. त्याच वर्षी नोव्हेंबरात नोटाबंदी झाली तेव्हा डोंगरावर सुट्ट्यांसाठी हाल झाले होते, पण तरीही इथली माणसं लगेच फोनकडं वळली नाहीत. वळली ती कोरोनानंतर. २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी चैत्र यात्रा भाविकांविना झाली. सासनकाठ्या नाहीत, गुलालानं माखलेला डोंगर नाही. २०२२ च्या चैत्रात लोटलेल्या लोकांच्या हातात रोकड कमी आणि फोन जास्त होते, हे माझ्या गल्ल्यानं मला सांगितलं.

यातून धंद्याचं भलं झालं, ते आधी सांगतो. सुट्ट्यावरून होणारी कटकट गेली. रात्री पैसे घेऊन जायची भीती गेली. पैसे भरल्याचा खोटा स्क्रीनशॉट दाखवून सटकणाऱ्यांना साउंडबॉक्सनं आळा घातला. पण गिऱ्हाईक बदललंय ते वेगळ्याच ठिकाणी. नोट काढणारा माणूस नोटेकडं एकदा बघतो. पाकिटात किती उरलं ते त्याला दिसतं, आणि तो म्हणतो, "खोबरं अर्धाच किलो द्या." फोन लावणारा माणूस रक्कम टाकतो आणि पुढं चालायला लागतो. उरलेलं त्याला दिसतच नाही. सांगलीकडची एक आजी दरवर्षी येते. पैसे पदराच्या गाठीत. यंदा नातवानं फोन पुढं केला तेव्हा ती त्याला म्हणाली, "किती गेलं रं?" त्यानं आकडा सांगितला. ती म्हणाली, "मला गेल्यागत वाटलंच न्हाई." नातू हसला. मला मात्र ते बोलणं दिवसभर पुरलं.

दराचंही तसंच. गेल्या दोन वर्षांत खोबरं भयंकर महागलं. तरुण पोरं माझ्यासमोर उभी राहून फोनवर किलोचा दर काढतात आणि स्क्रीन माझ्याकडं फिरवतात. मी रागावत नाही. माझी वाटी हातात देऊन वास घ्यायला सांगतो. खवट खोबरं देवावर उधळायचं नसतं, आणि खवटपणा फोटोत दिसत नाही. बहुतेक जण इथंच घेतात. जे घेत नाहीत त्यांनाही चांगभलं म्हणतो. दर विचारायचा हक्क गिऱ्हाइकाचाच आहे, आणि तो त्याला आता सहज बजावता येतो, यात वाईट काही नाही.

दुपारी ११.३०

पार्सलवाला पोरगा कोल्हापुरातून केर्लीमार्गे चढून येतो. पाठीवर त्याच्या धडापेक्षा मोठी पिशवी. पार्सलांवरचे पत्ते वाचण्यासारखे असतात. "जोतिबा मंदिराजवळ." इथं प्रत्येक घर मंदिराजवळच आहे. "वाडी" खोडून नुसतं "रत्नागिरी" लिहिलेलंही येतं. मग खोक्याला कोकणात जाण्यापासून वाचवतो तो पिनकोड. ही सहा आकड्यांची पद्धत देशात १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली, आणि ती बसवली श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी, संस्कृतात नाटकं-कविता लिहिणाऱ्या टपाल अधिकाऱ्यानं. आज एवढा सगळा ऑनलाइन बाजार त्या माणसाच्या सहा आकड्यांवर उभा आहे, आणि त्याचं नाव किती जणांना ठाऊक आहे? पोरांना शाळेत शिकवावं असं हे काम आहे.

घरोघर हिंडण्यापेक्षा पोरगा निम्मी पार्सलं माझ्याच दुकानात ठेवतो. लोक देवाला जाता-येता घेऊन जातात. पैसे देऊन सोडवायचं पार्सल असेल तर मात्र त्याला थांबायला लागतं. आज वरच्या आळीतली मावशी आली. तिनं खोकं हातात घेतलं, उलटं केलं, दाबलं, कानाशी हलवलं.

"किती?"

"साडेतीनशे, मावशी."

"फोटोत काठ सोनेरी दिसत हुता. जरा फोडून बघू दे की."

"फोडलं की घ्यायलाच लागतंय."

"मग न्हाई. ऱ्हाऊ दे तुझ्यापाशी. त्या रातीला घ्यावीशी वाटली हुती, आता न्हाई वाटत."

पोरग्यानं मुकाट्यानं "नाकारले" असं बटण दाबलं. पोचवलेल्या पार्सलमागं त्याला पैसे मिळतात. परत गेलेल्याचं पेट्रोल त्याचं त्याला. त्याचा चेहरा बघून मावशीनं त्याच्या हातात एक पेढा ठेवला. त्याचं नुकसान त्यानं भरून आलं नाही, हे तिलाही कळत होतं.

घरी माल आल्यावर पैसे द्यायची सोय फ्लिपकार्टनं २०१० साली काढली, ती लोकांचा ऑनलाइन दुकानावर भरवसा नव्हता म्हणून. कंपन्यांना ती आजही महाग पडते, कारण अशी पार्सलं परत फार जातात. पण मावशीच्या बाजूनं बघा. तिच्या आयुष्यात साडी घ्यायची म्हणजे आधी मनात यायची, मग यात्रा नाहीतर दिवाळी यायची, मग कोल्हापूरला जाणं व्हायचं, दुकानात चार साड्या उलगडल्या जायच्या. मनात येणं आणि पैसे देणं यांच्या मधे महिने असायचे. त्या महिन्यांत निम्म्या इच्छा आपोआप मावळायच्या, आणि उरलेली साडी पुढं पंधरा वर्षं नेसली जायची. फोननं हा मधला काळ काढून टाकला. रात्री साडेदहाला मनात आलं, साडेदहालाच मागवलं. दारात येणारं पार्सल तिला तिचे तीन-चार दिवस परत देतं, आणि ती ते वापरते. शहरातले लोक याला खेडवळ गिऱ्हाइकाचा चंचलपणा म्हणतील. मला तो तिचा शहाणपणा वाटतो. फक्त त्याची किंमत त्या पोरग्याच्या पेट्रोलमधून जाऊ नये. ती कंपनीनं सोसावी.

दुपारी २

जेवण. आयतवारची पुरणपोळी, कटाची आमटी. घरात टीव्हीही नेटवरचा. धाकट्या पोराला टाइप करायचा कंटाळा. तो रिमोट तोंडाशी धरून मराठीत बोलतो आणि टीव्हीला कळतं. आई म्हणते, "आपलं बोलनं ऐकतंय त्ये. काल गुडघं दुखत्यात म्हनलं आनि आज पट्ट्याची जाहिरात." तिला समजावलं की बोलणं चोरून ऐकण्याची गरजच पडत नाही. गुडघेदुखीचं औषध सुनेनं फोनवर शोधलं होतं, दोन्ही यंत्रं एकाच वायफायवर आणि एकाच खात्यावर आहेत, एवढ्यावरून जाहिरात येते. तिचं समाधान झालं नाही, आणि का व्हावं? २०२३ साली आपल्याकडं वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यात माहिती वापरायला संमती लागते असं लिहिलंय. आईची संमती कुणी, कोणत्या दिवशी घेतली, ते घरातल्या कुणालाच सांगता येत नाही.

दुपारी ३.३०

गिऱ्हाईक विरळ. डोंगराच्या उत्तरेकडं, खाली, वारणेचं खोरं. तिथल्या साखर कारखान्याचं सभासदत्व आमच्या मामांकडं आहे. १९९८ साली त्या भागातल्या सत्तर गावांत सरकारनं आणि वारणा समूहानं मिळून संगणक केंद्रं उभारली होती. वारणा वायर्ड व्हिलेज नावाचा तो प्रकल्प देशभर गाजला. शेतकऱ्यानं केंद्रावर जायचं आणि आपल्या उसाची नोंद, वजन, बिल बघायचं. २००७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी तिथं हेच काम साध्या मोबाईलच्या एसएमएसवर करून दाखवलं. शेतकऱ्यांना संगणकापेक्षा ते सोयीचं पडलं.

हे मी मुद्दाम आठवतो. आमच्या भागात संगणकाचा पडदा आला तो माणसाला त्याचं स्वतःचं सांगायला, तुझा ऊस किती, तुझे पैसे किती. तोच पडदा आता त्याला दुसऱ्याचा माल दाखवतो. आणि दोन्हीचा मेळ मला दुकानात बसल्या जागी दिसतो. गळिताला गेलेल्या उसाचे पैसे १४ दिवसांत द्यावेत असा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा नियम आहे. ते खात्यावर जमा झाल्याचा मेसेज गावात पोचला की पुढच्या आठवड्यात माझ्याकडच्या पार्सलांचा ढीग वाढतो. कडबाकुट्टीचा पट्टा, फवारणीचा पंप, पोरांचे बूट. २०२४ पासून लाडक्या बहिणीचे दीड हजार यायला लागले, त्या दिवसांत बायकांच्या नावाची पार्सलं येतात. कुकरची शिट्टी, परकर, केसांचं तेल, शाळेचं दप्तर. यातलं उधळपट्टी म्हणावं असं मला फारसं दिसत नाही. स्वतःच्या नावाचं खोकं स्वतः सही करून घेताना त्या बायकांच्या तोंडावर जे असतं ते या वाटेवर पूर्वी कधी दिसलं नव्हतं. नवऱ्याला सांगून, त्याला सवड असेल तेव्हा, त्याच्या पसंतीचं आणायचं, हा काळही मधून गेला. तो गेला ते बरं झालं.

सायंकाळी ५

मुंबईच्या एका गिऱ्हाइकाचं पाकीट बांधायचं होतं. गिरगावातलं जुनं घराणं, दरवर्षी खेट्याला यायचे. माघातल्या आयतवारी डोंगर चढायचा तो खेटा. आता वडील थकलेत. व्हॉट्सअॅपवर सांगतात, पैसे पाठवतात. मी गुलाल, खोबरं, दवणा देवाला लावून आणतो आणि स्पीड पोस्टनं धाडतो. हे कुटुंब १९७५ पासून चालत आलेल्या मुंबई ग्राहक पंचायतीचं सभासद आहे. महिन्याची यादी एकदा लिहून द्यायची, माल एका सभासदाच्या घरी येतो आणि शेजारी मिळून वाटून घेतात. त्यांच्या सूनबाई म्हणाल्या, "काका, दहा मिनिटांत घरी येणारं दुकान फोनवर आहे, पण सासूबाई यादी सोडत नाहीत." सासूबाईंना माझा नमस्कार सांगा म्हणालो.

याच कामात मी एक नियम पाळतो. जे देवापुढं गेलं नाही त्यावर प्रसाद असं लिहायचं नाही. बाहेर तो पाळला जातोच असं नाही. जानेवारी २०२४ मध्ये अयोध्येच्या राममंदिराचा प्रसाद या नावानं मिठाई अॅमेझॉनवर विकली जात होती, तेव्हा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं कंपनीला नोटीस काढली. मग ती विक्री थांबली. जोतिबाच्या नावानंही कुणीतरी, कुठंतरी पाकिटं भरत असेल. भाविकानं एवढंच विचारावं, हे कुणी देवापुढं ठेवलं? उत्तर देणारा माणूस पलीकडं नसेल तर ती नुसती मिठाई समजावी.

रात्री ८

धुपारतीच्या वेळी साउंडबॉक्स बंद ठेवतो. देवाच्या वाटेवर त्या वेळी रुपयांचा पुकारा नको वाटतो. आरती झाली की हिशेब. लाल कापडाची उधारीची वही अजून आहे, पण पानं भरत नाहीत. गावातलं माणूस आता फोनवरच "आत्ता घ्या, नंतर द्या" अशी उधारी घेतं. माझ्या वहीला कुणाच्या घरी लग्न आहे, कुणाचा ऊस अजून तुटला नाही, हे माहीत असायचं, आणि मी थांबायचो. ती फोनवरची उधारी तारखेला थांबत नाही, दंड लावते. दोन घरांनी तो भरल्याचं मला ठाऊक आहे.

रात्री ९

थोरली लेक कोल्हापुरात बी.कॉम. करते. शेजारच्या वहिनी तिच्याकडं फोन घेऊन आल्या. त्यांनी एका ऑनलाइन दुकानातून मिक्सर मागवला होता. भांडं तडकलेलं आलं, आणि परत घ्यायची मुदत संपली म्हणून दुकान हात वर करतंय. शिवाय बिलात शंभराचं विम्यासारखं काहीतरी आपोआप जोडलेलं. थोरलीनं त्यांना स्क्रीन दाखवला. "फक्त २ शिल्लक" असं तांबड्या अक्षरात, खाली उलटं धावणारं घड्याळ. तिनं पान बंद करून पुन्हा उघडलं. घड्याळ पहिल्यापासून धावायला लागलं. वहिनी गप्पच झाल्या. "ह्या घड्याळापायीच मी ह्यांना न इचारता दाबलं," म्हणाल्या.

अशा खोट्या घाईला, न विचारता टोपलीत टाकलेल्या मालाला आणि इतर क्लृप्त्यांना मिळून १३ प्रकारांना ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी मनाई केली आहे. थोरलीला ते कॉलेजात शिकवलंय. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतही तक्रार घेतात, पण सकाळी आठ ते रात्री आठ. आजची वेळ गेली. म्हणून तिनं वहिनींना वहीच्या पानावर लिहून दिलं : ऑर्डरचा नंबर, मागवल्याची आणि मिळाल्याची तारीख, बिलाचा फोटो, तडकलेल्या भांड्याचा फोटो, दुकानाशी झालेल्या बोलण्याचे मेसेज, आणि ते शंभर रुपये वेगळे. खोकं टाकलं का, तिनं विचारलं. वहिनी म्हणाल्या, त्यात कांदे ठेवलेत. थोरली म्हणाली, "कांदे काढा आणि खोकं तसंच ठेवा. सकाळी आठला माझ्याकडं या, दोघी मिळून फोन लावू."